वराहपालनात लसीकरणाच्या आधारे प्रतिजैविकांचा वापर कसा कमी करावा : नव्या पालकांसाठी मार्गदर्शक

सोलापूर जिल्ह्यात लार्ज व्हाइट यॉर्कशायर या जातीच्या संकरित माद्यांचा छोटा कळप मी सांभाळतो. सुरुवातीची दोन वर्षे माझ्या शेडमध्ये ऑक्सिटेट्रासायक्लिन या प्रतिजैविकाची बाटली कधी रिकामी राहिली नाही. पिले हगू लागली की इंजेक्शन, मादीने खुराक सोडला की इंजेक्शन, पाऊस लागून खोकला सुरू झाला की खाद्यात पावडर, असा क्रम चालला होता आणि यालाच दक्षता म्हणतात असे मला वाटत होते. नंतर एका पशुधन विकास अधिकाऱ्यांनी माझ्याकडून तीन महिन्यांची औषधांची यादी लिहून घेतली. त्या यादीतील बहुतेक खर्च दोनच कारणांवर झाला होता. एक कारण असे होते की त्यावर लस देता आली असती. दुसऱ्या आजारावर प्रतिजैविकाचा काही उपयोगच नव्हता. तेथून पुढे जे शिकलो ते नव्या पालकांसाठी क्रमाने लिहितो.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. प्रतिजैविके कमी करायची म्हणजे आजारी जनावराला औषध नाकारायचे, असे नाही. जे आजार लसीने, चिकाने आणि स्वच्छतेने टळू शकतात, त्यांच्यासाठी प्रतिजैविक वापरण्याची वेळच येऊ द्यायची नाही, एवढाच याचा अर्थ आहे.

सुरुवातीपूर्वी जवळ काय असावे

कागदपत्रांमध्ये पुढील गोष्टी हव्यात :

- कळपाची नोंदवही. प्रत्येक मादीचा क्रमांक, भरवल्याची (नराशी संयोग केल्याची) आणि विण्याची तारीख तीत असावी.
- उपचार नोंदवही.
- लसीकरण नोंदवही. लसीचे नाव, बॅच क्रमांक आणि मुदत संपण्याची तारीख तीत लिहावी.
- औषध आणि लस खरेदीची बिले व पशुवैद्यकाच्या चिठ्ठ्या.
- कानातील बिल्ल्यांचे क्रमांक.

साहित्यामध्ये पुढील गोष्टी लागतात :

- गुदद्वारातून ताप मोजण्याचा थर्मामीटर.
- बर्फाच्या लाद्या बसतील असा जाड थर्मासचा डबा आणि त्यात ठेवायचा साधा तापमापक.
- तीन मापांच्या सुया (गेजचा आकडा जितका मोठा तितकी सुई बारीक) : लहान पिलांसाठी २० गेज, वाढत्या जनावरांसाठी १८ गेज, मोठ्या माद्यांसाठी १६ गेज.
- टोचलेल्या जनावरावर खूण करण्यासाठी रंगीत खडू.

थर्मामीटरला पर्याय नाही. डुकराचे सामान्य तापमान साधारण १०१.५ ते १०३ अंश फॅरनहाइट असते. माणसाच्या तापाचा हिशेब डोक्यात ठेवून अंगाला हात लावला, तर निरोगी डुक्करही तापलेले वाटते आणि विनाकारण एक इंजेक्शन वाया जाते.

१. तीन महिन्यांचे औषध कागदावर आणा

पहिल्या तीन महिन्यांत काहीही बदलू नका, फक्त लिहा. दर वेळी सात गोष्टी लिहायच्या : तारीख, जनावराचा क्रमांक, वय, लक्षण, मोजलेला ताप, औषध व मात्रा, आणि परिणाम. खाद्यात किंवा पाण्यात मिसळलेले औषधही त्यात धरा, कारण सर्वाधिक वापर तेथेच लपलेला असतो. तयार खाद्याच्या पोत्यावरील बारीक अक्षरे वाचा. वाढीसाठी म्हणून त्यात आधीच प्रतिजैविक मिसळलेले असू शकते.

तीन महिन्यांनी वयानुसार बेरीज करा. माझ्याकडे पहिल्या दोन आठवड्यांतील हगवण आणि दूध तोडल्यानंतरच्या पंधरवड्यातील ताप व खोकला, या दोनच ठिकाणी औषधांचा ढीग पडला होता. कोणत्या वयात काय होते हे कळल्याशिवाय कोणती लस हवी हे ठरवता येत नाही.

२. लसीआधी निदान

या पायरीवर बहुतेक जण घाई करतात. पिलांची हगवण ई. कोलाय या जिवाणूमुळे होते, रोटा विषाणूमुळे होते, क्लॉस्ट्रिडियम या जिवाणूमुळे होते आणि कॉक्सिडिया नावाच्या सूक्ष्म परजीवीमुळेही होते. कॉक्सिडियाची हगवण साधारण दुसऱ्या आठवड्यात दिसते, पिवळसर पातळ असते आणि प्रतिजैविकाला दाद देत नाही. माझ्या यादीतील निरुपयोगी खर्च तो हाच. त्यावर निराळे औषध आणि विण्याच्या कप्प्याची कोरडी स्वच्छता हाच इलाज आहे.

नमुना घ्यायचा तो प्रतिजैविक देण्याआधी. नुकत्याच आजारी पडलेल्या, औषध न दिलेल्या दोन-तीन पिलांची विष्ठा निर्जंतुक बाटलीत घेऊन बर्फावर ठेवावी आणि तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यामार्फत पाठवावी. नमुन्यांची तपासणी पुण्यातील औंध येथील रोग अन्वेषण विभागात आणि महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या महाविद्यालयांत होते. जिवाणू सापडलाच, तर प्रतिजैविक संवेदनशीलता चाचणीही मागावी. कोणते औषध त्या जिवाणूवर चालते आणि कोणते चालत नाही, हे तीत दिसते. मेलेले पिलू पुरून टाकण्याआधी शवविच्छेदनासाठी डॉक्टरांना बोलवा. कित्येक इंजेक्शनांनी न कळणारी गोष्ट एका शवविच्छेदनात कळते.

३. कोणत्या लसी कशासाठी

विषाणूजन्य रोगाची लस दिल्याने जिवाणूवरील औषध कसे वाचते, हा प्रश्न मलाही पडला होता. स्वाइन फिव्हर या डुकरांच्या जीवघेण्या तापाचा विषाणू पांढऱ्या रक्तपेशींवर घाला घालतो. त्यामुळे एरवी श्वसनमार्गात निमूट असणारे जिवाणू उसळी घेतात. आपल्याला दिसतो तो न्यूमोनिया, आपण इंजेक्शन देतो तेही न्यूमोनियावर, पण दार उघडलेले असते विषाणूने. ते दार लसीने बंद केले की मागून येणारी रांगच थांबते.

*स्वाइन फिव्हर.* आपल्या परिस्थितीत पहिला मान या लसीचा. जुनी लस सशांच्या शरीरात विषाणू वाढवून केली जात असे आणि तिचा पुरवठा मागणीच्या मानाने फारच तोकडा होता. इज्जतनगरच्या भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेने पेशीसंवर्धनावर, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर, तयार केलेली लस २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यासाठी सशांचा बळी द्यावा लागत नाही आणि ती मोठ्या प्रमाणावर करता येते. केंद्र सरकारच्या पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात शेळ्या-मेंढ्यांच्या पीपीआर या विषाणूजन्य रोगाबरोबर स्वाइन फिव्हरचाही समावेश आहे, म्हणून सरकारी दवाखान्यात आधी विचारणा करावी.

*लाळ्या खुरकूत.* सप्टेंबर २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात गाई-म्हशी, शेळ्या-मेंढ्यांबरोबर डुकरेही धरलेली आहेत. प्रत्यक्षात मोहीम गावात येते तेव्हा लस गाई-म्हशींना टोचून पथक पुढे जाते, कारण डुकरांची नोंद कोणी केलेलीच नसते. आपल्या कळपाची संख्या दवाखान्यात लेखी द्या आणि मोहिमेच्या आधी आठवण करा. लाळ्या खुरकुताने फुटलेल्या खुरांत आणि सडांत जिवाणू शिरले की प्रतिजैविकांचा खर्च आठवडेच्या आठवडे चालतो.

*घटसर्प.* पाश्चुरेला जिवाणूची ही लस पावसाळ्यापूर्वी, मे महिन्यात दिलेली बरी.

*ई. कोलाय.* ही लस पिलाला देत नाहीत, गाभण मादीला देतात. तिचा विचार पुढच्या पायरीत स्वतंत्रपणे केला आहे.

*सर्कोव्हायरस, मायकोप्लाझ्मा आणि लॉसोनिया.* यांतील पहिला विषाणू आहे, पुढचे दोन जिवाणू. मोठ्या वराहपालक देशांत प्रतिजैविके कमी होण्यात या लसींचा मोठा वाटा आहे. लॉसोनिया हा जिवाणू वाढत्या डुकरांच्या आतड्याचे अस्तर जाड करतो, त्यांना पातळ हगवण लागते आणि वाढ खुंटते. डेन्मार्कमधील एका कळपावरचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात लॉसोनियाची लस दिलेल्या गटांमध्ये ऑक्सिटेट्रासायक्लिनचा वापर ७९ टक्क्यांनी घटलेला आढळला. त्या कळपात हगवणीचे कारण तपासून निश्चित झालेले होते, हे विसरू नये. ज्या कळपात लॉसोनिया नाहीच, तेथे ती लस कितीही चांगली असली तरी एक बाटलीही वाचवणार नाही. या लसी घ्यायच्या तर निदानाचा अहवाल हातात असावा आणि भारतात विक्रीचा परवाना असलेलेच उत्पादन पशुवैद्यकामार्फत मागवावे.

आफ्रिकन स्वाइन फिव्हरचे नाव स्वाइन फिव्हरसारखे असले तरी तो अगदी वेगळा विषाणू आहे. एकाची लस दुसऱ्यावर चालत नाही. भारतात तो २०२० मध्ये आसाम व अरुणाचल प्रदेशात प्रथम आढळला, आणि त्यावर आपल्याकडे परवानाप्राप्त लस नाही. कोणी परदेशातून आणलेली बाटली दाखवली, तर ती शेडमध्ये येऊ देऊ नका. अर्धवट क्षीण केलेला जिवंत विषाणू आपल्याच हाताने कळपात सोडण्याचा धोका त्यात आहे.

४. वेळापत्रक मादीपासून आखा

माझ्या सगळ्या अनुभवात सर्वाधिक फरक या पायरीने पडला, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

माणसाच्या बाळाला आईच्या नाळेतून काही प्रतिकारशक्ती मिळते. डुकराच्या पिलाला ती मिळत नाही. ते जन्मते तेव्हा रोगाशी लढणारी प्रतिद्रव्ये त्याच्या रक्तात जवळजवळ नसतातच. जी काही मिळतात ती पहिल्या चिकातून मिळतात, आणि पिलाचे आतडे ती प्रतिद्रव्ये जशीच्या तशी शोषून घेते ते फक्त पहिल्या दिवसापुरते. पहिल्या सहा-आठ तासांत हे शोषण सर्वांत चांगले होते आणि चोवीस तासांनंतर ते दार बंद होते.

मादीचा गाभणकाळ सुमारे ११४ दिवसांचा असतो, म्हणजे जुन्या हिशेबाने तीन महिने, तीन आठवडे, तीन दिवस. भरवल्याची तारीख लिहिलेली असेल तर विण्याचा दिवस मागे-पुढे दोन दिवसांच्या फरकाने सांगता येतो. ई. कोलायची लस प्रथमच देताना विण्याला साधारण पाच-सहा आठवडे असताना एक आणि दोन-तीन आठवडे असताना दुसरी मात्रा देतात, तर पुढील प्रत्येक वेताला विण्यापूर्वी एक मात्रा देतात. नेमका अंतरकाळ उत्पादनानुसार बदलतो, म्हणून लेबल आणि डॉक्टर यांचेच ऐका. तारीख चुकवून विण्याच्या आदल्या दिवशी लस टोचली, तर चिकात प्रतिद्रव्ये उतरायला वेळच मिळत नाही आणि लस, पैसे व श्रम तिन्ही वाया जातात.

लस देऊनही पिले हगली अशी तक्रार ऐकू आली की मी आधी विचारतो, विताना जवळ कोणी होते का? दहा पिलांपैकी पहिली सहा धष्टपुष्ट पिले पुढचे सड धरतात आणि शेवटची थंडीने काकडलेली पिले सडापर्यंत पोहोचतच नाहीत. अशा वेळी आधी पिऊन झालेली पिले तासभर उबदार पेटीत ठेवावीत आणि लहानांना सड मोकळे करून द्यावेत. पिलांच्या कोपऱ्यात पहिल्या दिवसांत ३० ते ३४ अंश सेल्सिअस उष्णता हवी. सोलापूरच्या जानेवारीतही पहाटे ती आपोआप मिळत नाही. दिवा टांगा, खाली कोरडे काड अंथरा.

चिकातून आलेली हीच प्रतिद्रव्ये पुढे एक अडचणही करतात. लसवलेल्या मादीच्या पिलाला स्वाइन फिव्हरची लस फार लवकर दिली, तर आईकडून आलेली प्रतिद्रव्ये लसीतील विषाणूलाच निकामी करतात आणि नोंदवहीत लस झालेली असली तरी पिलू उघडेच राहते. म्हणून साधारणतः दोन महिन्यांच्या सुमारास ही लस देतात. मादी लसवलेली होती की नाही, हे डॉक्टरांना सांगितल्याशिवाय योग्य वय ठरत नाही. बाजारातून आणलेल्या पिलांच्या आईचा इतिहास विचारून घ्या. तो मिळत नसेल, तर तसेही सांगा.

दूध तोडण्याच्याच दिवशी लस देऊ नका. आईपासून ताटातूट, नवे खाद्य, नवी भांडणे आणि वर सुई, एवढा ताण एकत्र आला की लसीला प्रतिसाद नीट येत नाही. त्या दिवसाच्या आगेमागे आठवडाभर अंतर ठेवावे. जंतनाशक लसीपूर्वी आठ-दहा दिवस आधी द्यावे.

५. लस आणणे आणि सांभाळणे

लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये राहिली पाहिजे. लस तापू नये हे सर्वांना ठाऊक असते. गोठूही नये, हे मात्र अनेकांना माहीत नसते. लाळ्या खुरकुतासारख्या निष्क्रिय (मारलेल्या जंतूंच्या) लसी एकदा गोठल्या की कायमच्या बिघडतात, म्हणून बाटली बर्फाला थेट न टेकवता मध्ये कागदाची घडी ठेवावी आणि घरच्या फ्रिजमध्ये बर्फाच्या कप्प्याखाली किंवा दारात ठेवू नये.

एकदा एका दुकानातून मी लस घेतली तेव्हा ती काउंटरवरच्या खोक्यातून काढून दिली गेली. मे महिना होता. मी ती निमूटपणे घेतली आणि संपूर्ण कळपाला टोचली. पुढे जे नुकसान झाले ते त्या दुपारी ‘फ्रिजमधली बाटली द्या’ एवढे म्हटले असते तर टळले असते. तुम्ही अवश्य म्हणा. वीज किती वेळ जाते हेही विचारा. भारनियमनाच्या गावात लस साठवण्यापेक्षा लागेल तेवढीच टोचण्याच्या दिवशी सकाळी आणलेली चांगली.

६. टोचण्याचा दिवस

उन्हाळ्यात सकाळी आठच्या आत काम आटोपा. आदल्या दिवशी कळप न्याहाळा. ज्यांना ताप आहे, ज्यांनी खुराक सोडला आहे, त्यांना वगळून त्यांची नावे वेगळी लिहा आणि बरी झाल्यावर त्यांना विसरू नका. माझ्याकडचा एक उद्रेक नेमका अशा वगळलेल्या चार जनावरांपासून सुरू झाला होता.

सुकवलेल्या जिवंत लसीत सोबत आलेलाच द्रव घाला, साधे सलाइन नको. विरघळवलेली लस बर्फाच्या डब्यात ठेवून लेबलवर दिलेल्या वेळेत, सहसा एक-दोन तासांत, संपवावी. उरलेली दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नये. जिवंत लसीची सिरिंज जंतुनाशकाने किंवा स्पिरिटने धुऊ नका, कारण उरलेला अंश लसीलाच मारतो. सिरिंज उकळून, निववून वापरा. सुई कानामागच्या मानेच्या स्नायूत द्या. मांडीत दिल्यास गाठ झाली तर मांस वाया जाते. निदान प्रत्येक वेताला आणि प्रत्येक कप्प्याला सुई बदला. एकाच सुईने सगळे शेड टोचणे म्हणजे एकाच्या रक्तातील रोग सर्वांना वाटणे होय. टोचलेल्याच्या पाठीवर खडूची खूण करा आणि नंतर अर्धा तास तेथेच थांबा. क्वचित एखादे जनावर धापा टाकत कोसळते, त्यासाठी डॉक्टर जवळ असावेत. एक-दोन दिवस किंचित ताप आणि मंद भूक अपेक्षित असते. त्यासाठी प्रतिजैविक देऊ नये.

आणखी एक सापळा : जिवंत जिवाणूंची लस आणि खाद्यातील प्रतिजैविक एकत्र चालत नाहीत. तोंडावाटे देण्याच्या जिवंत लॉसोनिया लसीच्या तीन दिवस आधीपासून तीन दिवस नंतरपर्यंत प्रतिजैविक पूर्ण बंद ठेवावे लागते.

७. खाद्यातील औषध काढण्याचा क्रम

लस टोचली त्याच दिवशी सगळी पावडर फेकून देऊ नका. प्रतिकारशक्ती यायला दोन-तीन आठवडे लागतात, आणि मादीला दिलेल्या लसीचे फळ तर पुढच्या वेतात दिसते. आधी वाढीसाठी म्हणून सतत दिले जाणारे प्रतिजैविक थांबवा. युरोपीय संघाने ते २००६ पासून बंद केले आहे आणि तेथील वराहपालन त्यानंतरही चालू आहे. मग ‘पाऊस आला म्हणून’, ‘दूध तोडले म्हणून’ अशी संपूर्ण कप्प्याला दिली जाणारी औषधे एकेका कप्प्यातून काढा. एक कप्पा आधी, चार आठवडे निरीक्षण, मग दुसरा. नोंदवहीतील मर, हगवण आणि वजन यांची तुलना करीत पुढे जा.

त्याऐवजी झिंक ऑक्साइडचा, म्हणजे जस्ताच्या पावडरीचा, मोठा डोस सुचवणारे भेटतील. युरोपने जून २०२२ पासून औषधी मात्रेतील झिंक ऑक्साइडही थांबवले आहे, कारण जस्त शेणखतातून जमिनीत साठते आणि प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या जिवाणूंनाही बळ देते. त्यापेक्षा दूध थोडे उशिरा तोडणे, खाद्य आठवडाभरात हळूहळू बदलणे आणि कप्पा रिकामा करून, धुऊन, वाळवून मगच नवी पिले घालणे अधिक कामी येते.

हॉटेलचे खरकटे घालत असाल, तर ते शंभर अंशांवर निदान अर्धा तास ढवळत उकळलेच पाहिजे. स्वाइन फिव्हर आणि आफ्रिकन स्वाइन फिव्हर दोन्ही कच्च्या डुकरमांसाच्या तुकड्यांतून शेडमध्ये येतात. नवे जनावर तीस दिवस वेगळे ठेवावे. कितीही लसी दिल्या तरी या दोन वाटा उघड्या राहिल्या तर उपयोग नाही.

८. आजार आलाच तर

आजारी जनावर वेगळे करा, ताप मोजा, डॉक्टरांना बोलवा. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा टोल फ्री क्रमांक आहे. उपचार एकट्या जनावराला, पूर्ण मात्रेत, सांगितलेले सर्व दिवस द्यावा. कोलिस्टिन हे प्रतिजैविक मागू नका आणि कोणी दिले तरी घेऊ नका. जुलै २०१९ पासून अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांकरिता त्याचे उत्पादन, विक्री व वितरण देशात बंद आहे, कारण माणसांच्या अतिदक्षता विभागात ते शेवटच्या औषधांपैकी एक आहे. एन्रोफ्लॉक्सासिन आणि सेफ्टिओफर हीदेखील संवेदनशीलता चाचणीशिवाय वापरायची औषधे नव्हेत. एन्रोफ्लॉक्सासिनचे तर जनावराच्या शरीरात माणसांच्याच सिप्रोफ्लॉक्सासिनमध्ये रूपांतर होते.

एकाच वेळी अनेक जनावरांना तीव्र ताप, कान व पोटाखाली लालसर-जांभळे चट्टे आणि झपाट्याने मर दिसली, तर प्रतिजैविकांची धावाधाव करू नका. जनावरांची विक्री व ने-आण तत्काळ थांबवा आणि दवाखान्यास व ग्रामपंचायतीस कळवा. २००९ च्या प्राण्यांतील संसर्गजन्य रोग प्रतिबंध कायद्यानुसार अशी माहिती देणे मालकाचे कर्तव्य आहे.

९. विक्रीपूर्वी नोंदवही उघडा

प्रत्येक औषधाच्या लेबलवर विथड्रॉवल पिरियड, म्हणजे शेवटच्या मात्रेनंतर जनावर कापण्यापूर्वी किती दिवस थांबायचे, ते लिहिलेले असते. विशिष्ट कालावधी ठरलेला नसेल तर मांसासाठी तो २८ दिवसांपेक्षा कमी नसावा, असा आपल्याकडील औषध नियम आहे. निष्क्रिय तैलयुक्त लसींनाही काही वेळा थांबण्याचा काळ असतो, तोही पाहावा. व्यापारी दारात उभा असताना हा हिशेब सुचत नाही. म्हणून उपचार लिहितानाच त्याच ओळीत ‘या तारखेपर्यंत विक्री नाही’ असे लाल शाईने लिहून ठेवावे आणि त्या जनावराच्या कप्प्यावरही तीच तारीख टांगावी.